एकाच पाठीवर

‘आज दुपारनंतर बंद’ अशी पाटी बारकीने सकाळीच दाराला अडकवली होती, तरी बाहेरचं बाकडं काही रिकामं होईना. पाटी वाचून लोक ‘बरं, बरं’ म्हणत आणि बसूनच राहत. धुलाईघरातल्या दोघी बाया, वखारीतला हमाल, शिवणकारखान्यातली ती मान एका बाजूला टाकून चालणारी मुलगी. जाणार तरी कुठे बिचारे? उतारावरून खाली आलं की थेट गोदीपर्यंत सगळी ओझी वाहणाऱ्यांचीच वस्ती, आणि त्या सबंध वस्तीत दुखऱ्या अंगाला हात लावणारं दार हे एकच. वर चढावर, बँकांच्या रस्त्याला, दर चार दुकानांआड एक पाटी लागलेली. कुठे मालीश, कुठे मणका, कुठे सांधे, कुठे सुगंधी तेल आणि गरम दगड. तिथे हात उदंड आणि पाठी मोजक्या, म्हणून एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायची. इथे पाठीच पाठी, आणि हात फक्त दोघींचे. खरं सांगायचं तर दीड जणीचे, पण ते आत्याने कोणाला कळू दिलं नव्हतं.

तिला सगळी वस्ती आत्याच म्हणे. हक्काची भाची एकच, थोरल्या भावाची ही बारकी. पण वयाने मोठे हमालसुद्धा ‘आत्या, जरा बघा हो’ करत आत यायचे. आत्याचे बाबा गेल्यापासून ती इथे उभी होती. आणि गेली दोन वर्षं तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी असं काही ठणकत होतं, की सकाळी डब्याचं झाकण ती दाराच्या फटीत धरून फिरवायची. काम थांबलं नव्हतं. कोपर होतं, मनगटाखालचा तळवा होता, बोटांची पेरं होती. जिथे अंगठ्यावाचून इलाजच नाही, तिथे ती बारकीला हाक मारायची आणि म्हणायची, “ये, हे तू कर. शिकायला नको?” बारकी यायची, करायची. पोरगी शिकतेय, असं सगळे म्हणत.

आज सगळं घर खोलीत जमलं होतं. आई खिडकीशी खुर्चीवर. दादा उभा, कारण त्याला बसून मोठं वाटत नसे. वहिनी तपासायच्या खाटेच्या कडेवर, कडक इस्त्रीची साडी सावरून. धाकटा भाऊ भिंतीला टेकून मोबाइल उलटसुलट करत. तो फिजिओथेरपीची पदवी घेतलेला, वर मोठ्या इस्पितळात नोकरीला. घरातली भांडणं आली की मात्र त्याची सगळी विद्या पातळ व्हायची.

“सरळ बोलू का?” दादाने सुरुवात केली.

“बोल की. वाकडं बोलायला तुला कोणी शिकवावं लागत नाही,” आत्या म्हणाली.

“हे बघ, सुरू झाली,” वहिनी म्हणाली.

“चढावर मी जागा घेतलीय,” दादा म्हणाला. “चार खाटा, गरम पाणी, बाहेर बसायला गाद्या. धाकटा संध्याकाळी तपासायला येईल. बारकी काम करेल. आईची सही झाली, की ही खोली मालकाला परत द्यायची. तू वर ये, गल्ल्यावर बस. उभं राहायचं नाही, काही नाही.”

“आणि बाहेर बसलेत ते?”

“त्यांनी यावं वर.”

“वा रे वा! गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्याने आधी चढ चढायचा?”

“मग नाही येणार. अगं, दुखणं खाली आहे, हे मला का कळत नाही? मी पण याच खोलीत वाढलोय. पण जिथे दुखणं आहे तिथे पैसे देणारा नाही, आणि जिथे देणारा आहे तिथे हात आपले नाहीत. बाबांनी हे कधी बघितलंच नाही.”

“बाबांनी ते बघितलं होतं. म्हणूनच खोली इथे घेतली.”

दादाच्या जबड्याची शीर उडाली. बाबांचं नाव निघालं की ती उडायचीच. मालीशीचा हात त्याला आला नाही, म्हणून त्याने कमरेचे पट्टे आणि मानेच्या कॉलरी विकायचं दुकान टाकलं, आणि चांगलं चालवलं. पण वस्तीने त्याला ‘पट्टेवाले’ हे नाव ठेवलं ते ठेवलंच. कोट घालून चालला तरी मागून पोरं ‘पट्टेवाले, साहेब आहेत का आत?’ असं ओरडायची.

आत्याने धाकट्याकडे पाहिलं. काल फोनवर तो म्हणाला होता, ताई, मी तुझ्या बाजूने आहे, अगदी शंभर टक्के.

“तू बोल ना रे. काल तर बरंच बोलत होतास.”

“तसं पाहिलं तर, ताई...”

“आलं. तुझं ‘तसं पाहिलं तर’ आलं, की तू कोणाकडे पाहतोस ते मला कळतं.”

“ऐकून तर घे. चोळून सुटतं, पण तात्पुरतं. तो बाहेरचा हमाल उद्या परत तीच गोणी त्याच खांद्यावर घेणार. त्याला व्यायाम हवा, विश्रांती हवी. तू काय करतेस, तर त्याला उद्याच्या गोणीसाठी तयार करून पाठवतेस. यात फायदा कोणाचा? वखारवाल्याचा.”

“मग चिठ्ठीवर विश्रांती लिहून दे. वखारवाला देतो का बघू. आणि दिली, तर चूल कोण पेटवणार त्याची, तू?”

धाकट्याने मोबाइल खिशात टाकला. त्याचं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आत्यालाही रोज संध्याकाळी खोली झाडताना हेच वाटायचं. पण म्हणून दारात आलेल्या माणसाला वाकडाच परत पाठवायचा, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. आणि काल शंभर टक्के होते, ते एका रात्रीत कुठे गेले, हेही तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. दादाने त्याला वरच्या जागेच्या पाटीवर नाव घालायचं कबूल केलं असणार, एवढं तिला न विचारताही समजलं.

“आई, तू बोल काहीतरी.”

आईने पदर सारखा केला. तिची नजर आता नावालाच उरली होती. ती समोर बघत बसायची आणि कान मात्र सगळीकडे असायचे.

“त्या काय बोलणार?” वहिनी म्हणाली. “मी बोलते, वाईटपणा माझा. वन्सं, तुम्ही मघापासून हात एप्रनच्या खिशात घालून बसलाय. चहाचा कप दिला तर दोन्ही तळव्यांत धरलात. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण किती दिवस?”

आत्याने हात बाहेर काढले नाहीत. तिने बारकीकडे पाहिलं. बारकी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

“माझ्या हातांना काही झालेलं नाही.”

“नाही ना?” दादा पुढे आला. त्याच्या आवाजात इतका वेळ नव्हता तो हुरूप आला. “मग बाबांच्या रीतीने होऊ दे. पाठ घे. सगळ्यांसमोर. श्वास सुटला, तर मी या खोलीचं नाव काढणार नाही. आईने ऐकायचं आणि आईने सांगायचं.”

ही त्यांच्या घरची रीत. खोली एका हातातून दुसऱ्या हातात जायची वेळ आली, की दोघांनी एकाच पाठीवर हात ठेवायचे, आधी एकाने, मग दुसऱ्याने. घरातल्या मोठ्याने डोळे मिटून ऐकायचं. माणूस काय बोलतो ते ऐकायचं नाही, तो श्वास कसा टाकतो ते ऐकायचं. बाबा म्हणायचे, माणूस भिडेपोटी ‘बरं वाटलं’ म्हणतो, श्वासाला भीडभाड नसते. दुखणं सुटलं की पोटातून एक लांब श्वास येतो, तो आल्याशिवाय हात उचलायचा नाही. आणि दुसरा नियम असा, की घरच्या माणसाला हात लावायचा नाही. हाताला नात्याची माया आली की तो खोटं बोलायला लागतो. बाबांचा स्वतःचा खांदा शेवटी दगड झाला होता, आणि घरात हातवाली माणसं असून कोणी त्याला शिवलं नाही.

दादाने त्याच्या ऐन तारुण्यात अशीच पाठ घेतली होती. त्याच्या हाताखाली गोदीतला एक म्हातारा ‘मेलो, मेलो’ करत उठून बसला. आई एका शब्दात ‘नाही’ म्हणाली, मग त्याच पाठीवर बहिणीच्या हाताखाली श्वास सुटला, आणि बाबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून सगळ्यांदेखत मुलीच्या खांद्यावर टाकला. बाकडं फार खाली आहे, म्हणून नीट दाबता आलं नाही, असं दादा तेव्हा म्हणाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणीतरी मागून पुटपुटलं, आणि ते कोणीतरी म्हणजे आत्याच होती. तेव्हा ती खूप हसली होती.

आता नाही म्हणावं, तरी तेच कबूल केल्यासारखं. हो म्हणावं, तर हात दाखवून अवलक्षण. आत्या उठली.

“बोलवा कोणाला तरी.”

बारकीने दार उघडून हमालाला आत घेतलं. एवढी माणसं बघून तो दारातच थबकला.

“आज बंद ना? आणि इतकी मंडळी? मी अजून जिवंत आहे हो आत्या.”

“झोप तू मुकाट्याने,” आत्या म्हणाली.

त्याने सदरा काढला आणि तोंडासाठी भोक पाडलेल्या बाकड्यावर पालथा पडला. पाठीवर घामाच्या मिठाच्या रेघा होत्या. आत्याने तेल तळव्यावर घेतलं आणि न विचारता हात फिरवला. दुखणं कुठे ते तिला लगेच सापडलं. उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, मानेच्या मुळापाशी, सुपारीएवढी गाठ. सापडायला तिला अजूनही वेळ लागत नव्हता. हात आंधळे झाले नव्हते, नुसते लंगडे झाले होते.

तिने तळव्याने पाठ तापवली. कोपराने कण्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. हमाल कण्हला, सैलावला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण फऱ्याच्या कडेखाली कोपर शिरत नाही. तिथे अंगठाच लागतो, आणि त्यावर सगळ्या अंगाचं वजन. तिने अंगठा टेकवला, वजन टाकलं. मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली आणि अंगठा तेलावरून घसरला. तिने पुन्हा टेकवला. दात आवळून दाबला. गाठ जागची हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं ते तिने खांद्याला पुसलं आणि तिथेच हात धरून उभी राहिली.

“वा, आत्या!” बाकड्याच्या भोकातून हमाल म्हणाला. “सुटलं बरं का.”

भला माणूस. त्याला काय ठाऊक, की या घरात त्याच्या बोलण्याला किंमत नाही. आत्याने हात उचलला, आणि सगळे आईकडे पाहू लागले.

आईने मिटलेले डोळे उघडले. “सुटला,” ती म्हणाली.

आई खोटं बोलली होती. श्वासाच्या बाबतीत आई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. खोली वाचली, या आनंदाच्या आधी तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागून आनंद आलाच. तो तिला आवरता आला नाही.

“सुटला?” दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “माझ्या वेळी ‘नाही’ म्हणालीस आई. विचारसुद्धा केला नाहीस. मी विशीत होतो गं. आणि आज हिच्यासाठी...”

“सुटला म्हटलं ना मी.”

“नाही सुटला, आजी.”

बारकी बोलली होती. टॉवेल हातात तसाच होता.

“तू गप्प बस,” आई म्हणाली.

“कशी बसू? आत्यानेच शिकवलंय. श्वास नाही सुटला आणि आत्याने हात उचलला. गाठ तिथेच आहे.”

ती पुढे आली. आत्याला बाजूला सरकावं लागलं. बारकीने तळवा ठेवला, थोडी थांबली, आणि मग अंगठा टेकवून हळूहळू सगळं वजन त्याच्यावर सोडलं. पोरीचं नाव बारकी, पण हात बाबांचे घेऊन आलेली. हमाल एकदा ताठ झाला. मग त्याच्या पोटातून तो श्वास आला, लांबलचक, अंगातला सगळा वारा निघून गेल्यासारखा. यावेळी तो वा म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. थोड्या वेळाने तो घोरायला लागला.

वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला. लेकीचा हात तिने असा जवळून पहिल्यांदाच पाहिला असावा. दादा जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. जे त्याला जमलं नाही, ते त्याच्या पोटच्या पोरीने त्याच्यासमोर करून दाखवलं होतं.

आत्याच्या डोक्यात मात्र एकदम उजाडलं. हरले ना मी? हरले. मग रीतीप्रमाणे खोली कोणाची? तिने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बारकीच्या खांद्यावर टाकला.

“घ्या. माझे अंगठे गेलेत, दोन वर्षं झाली. कबूल. पण पाठ हिने घेतली, म्हणजे खोली हिची. दादा, तूच म्हणालास ना बाबांच्या रीतीने? मग आता खोली सोडायची की ठेवायची, ते हिला विचार. तुला नाही अधिकार, मला नाही, आईलासुद्धा नाही.”

“बरोबर आहे,” आई चटकन म्हणाली.

“तसं पाहिलं तर बरोबर आहे,” धाकटाही म्हणाला.

दादाने आईकडे पाहिलं, मग लेकीकडे. आत्याला हसू आलं, ते तारुण्यातलंच जुनं हसू. तिने बारकीचा दंड थोपटला.

“सांग त्यांना.”

बारकीने टॉवेल खांद्यावरून काढला. त्याची चौकोनी घडी घातली.

“मी वर जाणार आहे, आत्या.”

“काय?”

“वर जाणार आहे. माझ्या बाबांनी सांगितलं म्हणून नाही. त्यांनी सांगायच्या आधीच ठरवलंय.”

“कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? तुझ्या आईने?”

“तुझ्या अंगठ्यांनी.” बारकीने टॉवेलाची घडी खाटेवर ठेवली. “मला वजन टाकायला शिकवताना तू तुझा हात माझ्या हातावर ठेवायचीस ना? तेव्हाच कळलं. तुला काय वाटलं, मला लोकांच्या पाठीतलं कळतं आणि तुझ्या अंगठ्यातलं कळत नाही? ‘ये, शिकायला नको?’ म्हणून बोलवायचीस, तेव्हा मला सगळं कळत होतं. मी येत होते. दोन वर्षं आले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोललीस?”

आत्याने हात पुन्हा एप्रनच्या खिशात घातले.

“वर दिवसभरात येतात तेवढ्या पाठी इथे जेवणाआधी होतात,” बारकी म्हणाली. “मला म्हातारपणी झाकण दाराच्या फटीत धरून उघडायचं नाही. माझे अंगठे मला हवेत. यात चूक काय आहे, सांग.”

“आणि बाहेरचे? त्यांनी कुठे जायचं?”

“मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. पण सगळ्या वस्तीला मिळून एकच हात, आणि तो माझाच का? आणि तू मला त्यांच्यासाठी ठेवतेयस, की तुझी खोली राहावी म्हणून?”

वहिनी म्हणाली, “बारके, पुरे आता.” पहिल्यांदाच ती नणंदेच्या बाजूने बोलली होती, आणि तिच्या बोलण्याचा आता काही उपयोग नव्हता.

“झालं तर मग,” दादा म्हणाला. तो आईचा हात धरून तिला उठवू लागला, आणि आईने तो झटकला.

“मी सुटला म्हटलं होतं,” आई कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. “मी म्हटलं होतं.”

एकेक करून सगळी बाहेर पडली. धाकटा दारात घुटमळला, ‘ताई, आठवड्यातून एकदा मी इकडे...’ असं काहीतरी म्हणाला, आणि वाक्य पुरं न करताच चढाला लागला. हमाल जागा झाला, सदरा चढवून खांदा गोल फिरवून बघत म्हणाला, “आज तर काय हात होता आत्या! उद्या माझ्या भावाला आणतो. उघडं असेल ना?”

“असेल,” आत्या म्हणाली.

तो बाहेर गेला आणि बाकड्यावरच्या बायांना तेच सांगू लागला. उद्या उघडं आहे, उद्या या.

बारकी मागे राहिली होती. तिने तेलाची बाटली बंद केली, बाकडं पुसलं, दिवा लावला. मग आत्यासमोर स्टूल ओढून बसली आणि तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

“घरच्याला हात लावायचा नाही,” आत्या म्हणाली. “इतकं शिकलीस, तेवढंच विसरलीस का?”

“मी आता या खोलीतली नाही.”

तिने अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा टेकवला. हळू, मग जरा जास्त. आत्याचा जीव कळवळला. किती वर्षं झाली, तिच्या अंगाला असा कोणी हात लावला नव्हता. दिवसभर लोकांना शिवणारी बाई, आणि तिला शिवणारं कोणी नाही. कळ वर चढली, फुटली, आणि तिच्यामागून एक गरम सैलपणा मनगटातून वर यायला लागला. पोरीचा हात खोटं बोलत नव्हता. मायेचा असूनही नव्हता. बाबा चुकले होते, किंवा ही पोरगी निष्ठुर होती. आत्याला दोन्ही वाटलं.

श्वास छातीशी आला होता. आत्याने तो धरून ठेवला.

बारकीच्या लक्षात आलं. “सोड ना, आत्या.”

आत्याने मान हलवली. श्वास सुटल्याशिवाय हात उचलायचा नाही, हे तिनेच पोरीला शिकवलं होतं. आणि पोरगी शिकवल्याप्रमाणे हात तसाच धरून बसली होती. बाहेर चढावरून वहिनी हाक मारत होती, “बारके, चल गं, अंधार पडला.” बारकी उठली नाही. आत्याचा चेहरा लाल झाला, कानात ठोके पडायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी तिने ओठ घट्ट मिटून ठेवले.

पण माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार?

सुटला. बारकीने हात उचलला.